चौथ्या कॅमेऱ्यातला कंप

"हे डबडं का ठेवलंय मध्ये, देव जाणे," तन्मय पुटपुटला.

मला ऐकू जावं म्हणून तो बोलला नव्हता. पण आम्ही दोघं एकाच बाकड्यावर, एकाच वीतभर पडद्यात मान घालून बसलो होतो. त्याने तोंडात धरलेल्या वेलदोड्याचा वाससुद्धा मला येत होता. पुटपुटणं कुठं जाणार?

पडद्याचे चार भाग केले होते. चार कॅमेरे, चार चौकटी, आणि चारही चौकटींत एकच हात. कानस धरलेला, तानपुऱ्याच्या घोडीवरून हाडाचा भुगा पाडणारा, माझ्या नवऱ्याचा उजवा हात. पहिल्या तीन चौकटींत तो तेलावरून सरकावा तसा सरकत होता. चौथीत थरथरत होता.

"ताई, चौथा बाद करा," आता तो मोठ्याने म्हणाला. "जुना झालाय. कंप आहे त्याला."

"बघते," मी म्हटलं, आणि खाली वाकून एक वायर शोधू लागले. वायर जागेवरच होती.

तन्मय गद्रे पुण्याचा, वय बत्तीस, स्वतंत्र चित्रपट करणारा. ही जमात नेमकी कशापासून स्वतंत्र असते हे मला वीस वर्षांत कळलेलं नाही. बहुधा कथेपासून. ह्यांना दोन कॅमेऱ्यांच्या सावल्यांतल्या काळ्याकाळ्यातला फरक दाखवा, डोळ्यांत पाणी उभं राहतं. तुमच्या सिनेमातली बाई शेवटी घर का सोडते, असं विचारा; म्हणतात, ते एडिटला ठरवू. एकाने तर सहा वर्षं नुसता कॅमेरा निवडला. तेवढ्यात त्याच्या नायिकेचं लग्न झालं, आणि तिच्या दुसऱ्या मुलाचं बारसं मी शूट केलं.

आणि ह्या सगळ्यांना कॅमेरा निवडून देणारी शहाणी मी. लग्नं शूट करता करता, वायरी उलट्यासुलट्या लावत शिकले. मिरजेत घरच्या माडीवर बसून मी कॅमेऱ्यांची तुलना करते आणि मराठीतून सांगते. लोक बघतात. परदेशातले परीक्षक त्यासाठी रंगीत चौकोनांचे तक्ते लावतात. माझ्याकडे सुरुवातीला तक्ता नव्हता, म्हणून घरात होतं ते लावलं: सासूबाईंची इरकल, तानपुऱ्याचा काळ्या पॉलिशचा एक भोपळा, आणि नवऱ्याचा हात. इरकलीच्या काठाची वीण इतकी बारीक, की हलक्या कॅमेऱ्यात त्यावर इंद्रधनुष्याचे साप वळवळतात. भोपळ्यावर खिडकीचा उजेड पडतो. तो पांढरा फटक जळला, की समजायचं, हा उन्हात टिकणार नाही. आणि हात सगळ्यांत अवघड. कातडी, केस, नखातला हाडाचा भुगा, खाली पितळी तारा, आणि ह्या सगळ्याची एकत्र हालचाल. अकरा वर्षांत मी एकाहत्तर कॅमेरे तपासले. एकाहत्तर वेळा तोच हात.

आता थोडं शास्त्र. कंटाळा आला तरी वाचा, कारण पुढचा सगळा घोळ त्यातच आहे.

फुल-फ्रेम कॅमेऱ्यात उजेड झेलणारी काच, म्हणजे सेन्सर, साधारण मोठ्या टपाल तिकिटाएवढी असते. फोनमधली तिळाएवढी. वाटीपेक्षा परातीत जास्त पीठ मावतं, तसा मोठ्या सेन्सरवर जास्त उजेड मावतो. त्यामुळे अंधाऱ्या खोलीतही चित्र साफ येतं. इथवर सगळं सरळ. पूर्वी ह्या कॅमेऱ्यांत एक सोय असायची. सेन्सर चुंबकांवर तरंगता ठेवलेला. शूट करणाऱ्याचा हात डावीकडे हलला, की सेन्सर तेवढाच उजवीकडे. चित्र स्थिर. प्रामाणिक काम होतं ते. आपली चूक आपण निस्तरायची.

चार वर्षांपूर्वी कुणाला तरी वाटलं, समोरच्याचीही निस्तरून टाकू. चिप आली. खोक्यावर आता मराठीतही छापतात: 'कंपमुक्ती'. ही चिप लाखो तासांची 'चांगली' दृश्यं बघून शिकलेली आहे. आणि चांगल्या दृश्यांत माणसांचे हात सेकंदाला पाच वेळा थरथरत नाहीत. ज्यांचे हात कापतात त्यांचं शूटिंग कुणी करत नाही, आणि केलंच, तर एडिटला कापतात. त्यामुळे चिपच्या लेखी असला हात जगात नसतोच. दिसला, तर तो कॅमेऱ्याचा दोष. मग ती प्रत्येक फ्रेममध्ये तो हात उचलते, जिथं असायला हवा होता तिथं ठेवते, आणि मागे उघडी पडलेली जागा स्वतः रंगवून टाकते. इतकी सुबक, की इरकलीचा एक धागा इकडचा तिकडे होत नाही. मेनूत तीन पर्याय दिलेत: सौम्य, मध्यम, पूर्ण. 'बंद' दिलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी हीच चिप फोनमध्ये आली, संगणकावरच्या कॅमेऱ्यात आली. लोकांना कळलंही नाही. सगळं जग जरा बरं दिसायला लागलं एवढंच.

माझा चौथा कॅमेरा दोन हजार एकवीसचा. पंधरा वर्षांचा. कोपऱ्यात पोचा, रबर सुटलेलं. त्यात चिप नाही.

माझा नवरा महिपती सुतार. मिरजेत तंतुवाद्यं बनवणारे पुष्कळ, पण हे जवारी काढतात. तानपुऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या पट्टीवरून जातात ती घोडी. वरून सपाट दिसते, तशी नसते. तिला केसाएवढा उतार असतो, आणि तार त्या उतारावर टेकत-सुटत कंप पावते, म्हणून तानपुरा नुसता वाजत नाही, बोलतो. तो उतार, म्हणजेच जवारी, कानशीने, हाताने, कान लावून काढायचा. एक घास जास्त बसला, की तार मुकी. हाड परत उगवत नाही. ह्यांच्या उस्तादांनी पहिली दोन वर्षं ह्यांना कानस नुसती धरायला दिली होती. घासायला नाही.

आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी ह्यांनी चहाचा कप बशीत ठेवला आणि किणकिण झाली. एकदा नव्हे, भराभर चार-पाचदा.

"बशी बदल गं," हे म्हणाले. "वाकडी हाय."

मी बशी बदलली. दुसरीही वाकडी निघाली. एकेक करत घरातल्या सगळ्या बश्या वाकड्या निघाल्या. आता आम्ही स्टीलच्या पेल्यातून चहा पितो. का, ते दोघांतल्या कुणी विचारलं नाही.

त्याच दुपारी माझ्याकडे एक नवा कॅमेरा तपासायला आला होता. ह्यांनी नेहमीसारखा हात ठेवला, मी पडद्यात बघितलं. हात दगडासारखा स्थिर. आणि मला हुश्श वाटलं. मला! ह्याच चिपेवर चाळीस मिनिटांचं व्याख्यान देणारीला, 'मंडळी, ही तुमच्या डोळ्यांत धूळफेक आहे' म्हणून टेबल आपटणारीला. त्या दिवसापासून कॅमेरा परत करायला उशीर होत गेला. हे जेवत असले, दाढी करत असले, की मी काहीतरी तपासण्याच्या निमित्ताने त्यातून बघायची. रेकॉर्डचं बटणही दाबत नव्हते. नुसती बघायची. सहा वर्षं कॅमेरा निवडणाऱ्या त्या माणसाला मी हसले होते, नाही का?

मध्ये विम्याची वार्षिक तपासणी झाली, अर्थात व्हिडिओवर. डॉक्टर म्हणाले, "काका, दोन्ही हात पुढे धरा. बोटं पसरा." ह्यांनी धरले. डॉक्टरांनी त्यांच्या पडद्यावर बघितलं. "वा! माझ्यापेक्षा स्थिर आहेत."

मी टेबलाच्या अलीकडे उभी राहून खरा हात बघत होते. अडीच शब्दांचं वाक्य होतं, जिभेवर आलेलं. मी म्हटलं, "डॉक्टर, साखर पण बघायची होती."

"साखर कशाला आणि?" हे नंतर म्हणाले. हात मांडीखाली घेऊन बसले होते. हल्ली तसेच बसतात.

रॉटरडॅमहून कस्तुरी, आमची लेक, दर रविवारी फोन करते. मागं म्हणाली, "आई, बाबा थकल्यासारखे बोलतात, पण दिसतात एकदम छान." हो, मी म्हटलं. छान दिसतात.

धारवाडच्या हिरेमठबाई ह्यांच्या तीस वर्षांच्या गिऱ्हाईक. गाणाऱ्या, कानाच्या फार तिखट. त्यांचा तानपुरा जवारी काढून पाठवला, तो परत आला. पुन्हा काढून पाठवला, पुन्हा परत. सोबत चिठ्ठी: 'आमच्याकडची हवा यंदा दमट आहे, त्यामुळे असेल.' मी चिठ्ठी ह्यांना वाचून दाखवली.

"धारवाडची हवा अवघडच," हे म्हणाले.

"अवघडच," मी म्हटलं.

तीस वर्षं तीच हवा होती. हवेची कधी एक तक्रार आली नव्हती.

आणि मग हा तन्मय आला. ह्यांच्यावर सिनेमा काढणार; नाव 'अढळ'. मी हसले नाही, ह्याचं मला श्रेय द्या. सिनेमाचा शेवट त्याने ठरवला होता, हे मात्र मान्य करायला हवं. हिरेमठबाईंच्या गुरूंचा तानपुरा, शंभर वर्षांचा, मूळ घोडी अजून तीच. त्याची जवारी महिपती सुतार कॅमेऱ्यासमोर काढणार. बाई आधी तयार नव्हत्या. दोनदा पोळलेल्या होत्या ना. तन्मयने त्यांना नव्या कॅमेऱ्यातली एक चित्रफीत पाठवली. बाईंचा मला फोन आला. "अहो शैलाताई, मीच वेडी. हात बघितला त्यांचा, शंकाच गेली बघा. माझ्याच कानाला काहीतरी झालं असणार. वय झालं."

सत्तर वर्षं कमावलेला कान बाईंनी एका चिपेच्या पायाशी ठेवला, आणि मी फोनवर म्हटलं, "पाठवा बाई, काळजी करू नका."

तो तानपुरा आज सकाळीच आलाय. माडीच्या कोपऱ्यात लाल गवसणीत उभा आहे. शूटिंग उद्या. आजची चाचणी जुन्या फुटक्या घोडीवर, उद्याचा कॅमेरा ठरवायला.

"आता आवाज लावतो," तन्मय म्हणाला.

आवाज वेगळ्या माइकवर घेतलेला. माइकला अजून कुणी चिप बसवलेली नाही. आवाज नीट ऐकायला फुरसत आहे कुणाला? त्याने सुरू केलं. खर्... र... र्र... र. कानस अडखळत होती. पडद्यावर तीन हात लोण्यासारखे सरकत होते आणि आवाज दगडगोट्यांवरून चालल्यासारखा.

"सिंक सुटलंय," तन्मय वैतागला. "ताई, टाळी कोणी दिली होती?"

"मी."

शॉटच्या सुरुवातीला मी दोन हातांनी टाळी वाजवते. चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी एकावर एक ठेवली, की पुढचं सगळं जुळतं. वीस हजार टाळ्या दिल्या असतील. माझी टाळी चुकत नाही. तो एकेक फ्रेम मागे गेला. टाळी तंतोतंत होती. पुढे आला. हात सरळ, आवाज अडखळता.

"कमाल आहे. चौथ्याशी बरोब्बर जुळतोय आवाज. म्हणजे माइकमध्येपण तोच प्रॉब्लेम दिसतोय."

मी त्याच्याकडे बघितलं. चांगला शिकलेला मुलगा. आईबापांनी कौतुकाने वाढवलेला. पाचातले दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते, आणि ह्याने दोघांनाही आजारी ठरवलं. रागवावं तरी कसं? आठ महिने मी दुसरं काय केलं होतं?

"हरकत नाही," तो खुशीत आला. "हात बघून आवाज बनवणारं सॉफ्टवेअर आहे माझ्याकडे. परफेक्ट कानस देतो. ताई, तुम्ही फक्त निकाल रेकॉर्ड करा. कॅमेरा एक, दोन, तीन, काय ते क्रम लावा, आणि चौथा सदोष. तुमच्या तोंडून आलं की प्रोड्यूसर प्रश्न विचारत नाहीत. लोक मानतात तुम्हाला."

लोक मानतात. त्यातच तर सगळी मजा आहे.

माडीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीखाली, हे चटईवर बसले होते. समोर ती फुटकी घोडी, शेजारी कानस. डावा हात गुडघ्यावर, उजवा मांडीखाली. आमच्याकडे पाठ. मला वाटलं, डुलकी लागली असेल.

मी माइक जवळ ओढला. तन्मयने लाल बटण दाबलं आणि अंगठा वर केला.

"नमस्कार मंडळी. मी शैला, मिरजेहून. आज चार फुल-फ्रेम कॅमेरे." गळा साफ केला. "पहिल्याच्या सावल्या सगळ्यांत खोल. इरकलीचा काठ तिघांतही स्वच्छ, पण दुसऱ्याचा लाल रंग जरा भडक, कुंकू नव्हे, सॉस वाटतो. भोपळ्यावरचा उजेड तिसऱ्याने सगळ्यांत छान सांभाळलाय. स्वतंत्र चित्रपट करणाऱ्यांनी डोळे झाकून तिसरा घ्यावा." नाहीतरी डोळे उघडून ते काही करत नाहीत, हे मनात. "आता चौथा. जुना आहे. माझा स्वतःचा. ह्यात तुम्हाला हात थरथरताना दिसेल..."

थांबले. तन्मयने हाताने 'पुढे, पुढे' केलं. कोपऱ्यात लाल गवसणी. आत शंभर वर्षांचं हाड, जे उद्या दुपारी ह्यांची कानस फिरेपर्यंतच शंभर वर्षांचं राहणार होतं. एका वाक्याने ते वाचलं असतं. पण ते वाक्य बोलले, तर आमच्या घरात ते कायमचं बोललेलं राहणार होतं. चहाच्या पेल्यासमोर, लेकीच्या फोनमध्ये, उशीवर.

"ह्याला कंप आहे," मी म्हटलं. "म्हणून हा कॅमेरा..."

"शैले."

हे वळलेसुद्धा नव्हते. खिडकीकडेच तोंड.

"कट," तन्मय म्हणाला. "काका, पाचच मिनिटं प्लीज."

"त्यो कानशीचा आवाज परत लाव जरा."

"काका, तो बिघडलाय. मी बदलणारच..."

"लाव की रं."

तन्मयने माझ्याकडे बघितलं. मी बटण दाबलं. खर्... र... र्र... र. ह्यांनी डोळे मिटले. मान एका बाजूला कलली, तार लावताना कलते तशी. चाळीस वर्षं त्या कानाने केसाएवढा उतार ऐकलाय. सगळा तुकडा संपेपर्यंत हे हलले नाहीत. मग उठले, गुडघ्यावर डावा हात टेकत, आणि पडद्यापाशी येऊन उभे राहिले.

"हात चार," हे म्हणाले. "आवाज किती?"

"एकच, काका. माइक एकच होता."

"मग ह्यातला कुठला हात हा आवाज काढतोय?"

"टेक्निकली बघितलं तर..." तन्मय सुरू झाला, आणि थांबला. पहिल्यांदाच त्याने पडद्यावरून नजर काढून समोरच्या माणसाच्या हाताकडे बघितलं. ह्यांनी तो मांडीखालून काढलेला होता, कुठं लपवलेला नव्हता. पडद्याच्या उजेडात, माझ्या खांद्याजवळ, अधांतरी धरलेला. त्याचं वेलदोडा चघळणंही थांबलं.

माझं बोट अजून बटणावर होतं.

ह्यांनी चौथ्या चौकटीवर बोट ठेवलं. बोट काचेवर टकटक वाजलं, भराभर, पाच-सहा वेळा. बशीसारखंच.

"हा एकटा खरं बोलालाय, आणि तू त्याला बाद करालीस," हे म्हणाले. मग गवसणीकडे बघितलं. "बाईंना फोन लाव. तानपुरा घेऊन जा म्हणावं. कंप तारेत पायजे, शैले. माझ्या हातात आलाय. माझा हात कापतोय. वर्ष होऊन गेलं."